काळी काडी

भाऊंच्या घरी फ्रीज नव्हता. जो माणूस सत्तावीस वर्षं उणे एकशे शहाण्णव अंशांचा द्रव तयार करत होता, त्याच्या घरी मातीचा माठ होता, आणि त्या माठातलं पाणीसुद्धा ते सकाळी पीत नसत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, पारा सत्तेचाळीसला टेकलेला असताना, ते कपातून वाफ निघणारा चहा प्यायचे. मी एकदा विचारलं, "भाऊ, फ्रीज का नाही घेत?" तर म्हणाले, "घरी बी ड्यूटी करू काय, बाबू?"

बाबू म्हणजे मी. प्लान्टवर नोंदी ठेवणं हे माझं काम होतं. नायट्रोजन किती निघाला, किती गेला, कोणत्या कंटेनरमध्ये किती उरला, पाण्याचं तापमान किती, हेलियमचा दाब किती. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. भाऊ गेले त्याला आता दोन पावसाळे झाले.

प्लान्ट म्हणजे शहराच्या कोटाबाहेर दोन खोल्या आणि एक टिनाचं शेड. आत एकच यंत्र. ते हवेतून नायट्रोजन वेगळा काढून त्याचं पाणी करायचं. ते पाणी चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गुरांच्या दवाखान्यांना जायचं, कारण जातिवंत वळूंचं बीज त्यातच टिकतं. बोटभर लांबीच्या बारीक प्लॅस्टिकच्या कांड्या असतात. एका कांडीत एका गाईपुरतं बीज. ती कांडी नायट्रोजनमध्ये बुडालेली असेपर्यंत वीस-पंचवीस वर्षंही जिवंत राहते, वळू मेला तरी. बाहेर काढून कोमट झाली की काही मिनिटांची सोबतीण. आणि एकदा कोमट झालेली कांडी पुन्हा गोठवली तर ती मेलेली असते. दिसायला मात्र तशीच दिसते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

प्लान्ट बघायला कोणी ना कोणी यायचंच. सरपंच, बदलून आलेले साहेब, एखाद्या कॉलेजचे प्राध्यापक. सगळ्यांचा प्रश्न एकच, "एवढी थंडी कशी बनवता?" भाऊ लगेच हात वर करायचे.

"थंडी बनत नाई, साहेब. कोणाच्यानंच बनत नाई. गर्मी बाहेर काढा लागते. उरते ते थंडी."

मग ते कोपऱ्यातला सायकलचा पंप आणायचे. पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून पाच-सहा वेळा रेटायचे आणि पाहुण्याला पंपाचं बूड धरायला लावायचे. बूड तापलेलं असायचं. मग शेडबाहेर उभ्या असलेल्या माझ्या सायकलच्या ट्यूबची हवा सोडून पाहुण्याचं बोट त्या हवेत धरायचे. हवा गार लागायची. "दाबली का तापते. सोडली का निवते. आमचं मशीन हेच करते, हवेच्या जागी हेलियम घेऊन. दाबते, तापलेल्याची गर्मी पाण्यानं धुते, मंग मोकळा सोडते. पसरतांनी तो निवते. पुन्हा दाबते, पुन्हा धुते, पुन्हा सोडते. मिनिटाले साडेचौदाशे डाव." अकरा वर्षांत माझ्या सायकलची हवा किती वेळा सोडली गेली याची नोंद मी ठेवली नाही, ठेवायला हवी होती.

यंत्रात तांब्याच्या केसासारख्या तारांची एक जाळी होती. हेलियम तिच्यातून एकदा खाली जायचा, एकदा वर यायचा. ही जाळी कशासाठी, हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. भाऊंनी एका वाक्यात सांगितलं.

"मार्कंड्याले गेलता न? देवळात जातांनी चपला कुठी ठेवल्या?"

"पायरीशी."

"येतांनी?"

"घातल्या आणि आलो."

"हेलियम बी तसाच करते. थंड्या खोलीत जातांनी आपली गर्मी ह्या जाळीपाशी काढून ठेवते, येतांनी घालून येते. चपलीसकट आत शिरला असता तं देऊळ कवाच नासलं असतं."

असं करत करत यंत्राचं टोक इतकं थंड व्हायचं की त्याला लागलेली हवा पाण्यासारखी ठिबकायची. त्या हवेत ऑक्सिजनही असतो. तो उणे एकशे त्र्याऐंशीला उकळतो, नायट्रोजन उणे एकशे शहाण्णवला. भाऊ म्हणायचे, "तेरा अंशाचा फरक हाय, बाबू. त्या तेरा अंशावर आपलं पोट हाय."

त्यांच्या अंगावर धातू नसायचा. अंगठी नाही, घड्याळ नाही, कडं नाही. स्वतःच्या लग्नातली अंगठीसुद्धा त्यांनी मांडवातच काढून बायकोच्या हातात दिली होती, असं त्यांच्या बायकोनंच मला सांगितलं. अंगठीखाली द्रवाचा थेंब अडकला तर बोट जातं. पँटची खालची घडी ते उसवून टाकायचे, कारण घडीत द्रव साठतो. दुसऱ्यांची घडीही ते सोडत नसत. एक नवे साहेब पाहणीला आले होते, तर भाऊ त्यांच्या पायाशी उकिडवे बसले आणि घडी उलगडू लागले. साहेबांना वाटलं पाया पडताहेत. ते "अहो नको, नको" म्हणत मागे सरकत राहिले आणि भाऊ उकिडवेच पुढे सरकत राहिले.

आणि दार. नायट्रोजन भरायच्या खोलीचं दार भाऊंनी बिजागऱ्यांतून काढून मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. ते मी येण्याच्या आधीपासून तसंच होतं. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो साठला तर माणूस गुदमरायच्या आधी बेशुद्ध पडतो, त्याला कळतही नाही. त्यासाठी दार उघडं ठेवावं, अशी पाटी होती. पण पाटीवर भाऊंचा भरवसा नव्हता. साहेबांनी विचारलं, "या खोलीचं दार कुठं आहे?"

"हाय न. मागं ठेवलं हाय."

"बसवून घ्या."

"बसवलं का कोणीतरी लावनच, साहेब. दार असलं का माणूस लावतेच."

दरवर्षी पाहणीच्या अहवालात "दार नाही" अशी नोंद व्हायची आणि दरवर्षी मी उत्तर लिहायचो, "दार उपलब्ध आहे." दोन्ही खरं होतं.

आता काडीबद्दल.

कंटेनरमध्ये किती नायट्रोजन आहे हे बाहेरून दिसत नाही. त्याचं तोंड अरुंद, पोट मोठं. त्यात एक काडी बुडाशी टेकवायची, दहा-पंधरा आकडे मोजायचे, काढायची आणि हवेत हलवायची. जेवढी काडी द्रवात होती तेवढ्या भागावर हवेतल्या ओलाव्याचं पांढरं दहिवर धरतं. ते मोजायचं. भाऊंची काडी सागाची होती, तेल-रंग न देता कोळशानं काळी केलेली, पांढरं उठून दिसावं म्हणून. तिच्यावर चाकूनं खाचा केलेल्या होत्या, एकेका बोटाच्या अंतरावर. बोटं त्यांची स्वतःची. ते सांगायचे, "साडेसात बोटं." मी वहीत काय लिहायचं? साडेसात बोटं?

मी स्टीलची पट्टी आणली. दोन फुटी, मिलिमीटरच्या खुणा असलेली. पहिल्या दिवशी मी एकशे त्र्याऐंशी मिलिमीटर असा आकडा वाचून वहीत लिहिला तेव्हा मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. भाऊंनी पट्टी हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"लोखंड हाय."

"स्टील. गंजत नाही."

"गंजाचं नाई म्हणून राह्यलो. बारीक वाचणं येगळं, बाबू, आन् बरोबर वाचणं येगळं."

मी म्हणालो, "भाऊ, तुमच्या काडीवर बोटं आहेत, माझ्या पट्टीवर मिलिमीटर. बारीक असेल तेच बरोबर असणार ना?"

त्यांनी पट्टी परत दिली. "वाच मंग. नोंद तुही हाय." त्यांनी मनाई केली नाही. याचा त्यांना शेवटपर्यंत त्रास झाला, हे मला फार उशिरा कळलं.

आलापल्लीच्या पुढे, डांबरी सोडून सात किलोमीटर आत एक गाव आहे. तिथं एक म्हातारी बाई राहायची. घर बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, मासे धरणारं, दोन एकर धानाचं. नवरा गेलेला, मुलगा आंध्राकडे मिरची तोडायला जाणारा. तिच्याकडे काठाणी जातीचा एक वळू होता, धवऱ्या. काठाणी गुरं लहान चणीची, पांढरी, पण खूर कठीण. धान रोवण्याच्या दिवसांत चिखलात मोठा बैल रुततो, काठाणी रुतत नाही. बाहेरचे मोठे वळू आले आणि गावोगाव ही जात मिसळत गेली. धवऱ्या निर्भेळ होता. भाऊ नायट्रोजन द्यायला त्या भागात गेले असताना त्यांनी तो पाहिला होता. कागद रंगवून, दोन वर्षं मागे लागून, त्यांनी त्याचं बीज वरच्या केंद्रात काढून गोठवून आणलं. एकोणपन्नास कांड्या. सहा आलापल्लीच्या दवाखान्यात ठेवल्या, त्रेचाळीस आमच्याकडे, राखीव कंटेनरमध्ये. पुढं साथीत धवऱ्या मेला. भाऊंनी गावी जाऊन तिला सांगितलं की धवऱ्या आमच्यापाशी आहे, काळजी करू नका.

ते तसंच म्हणायचे. "धवऱ्या राखीवमधी हाय."

त्या पावसाळ्यात यंत्राचा हेलियम गळू लागला. सील बाहेरून यायची होती, आणि सगळीकडे पूर. यंत्र बंद. साठ्यात तीस लिटर नायट्रोजन उरला होता आणि मागायला नऊ दवाखाने. भाऊ मला म्हणाले, "राखीवमधी किती हाय?"

मी पट्टी घातली, काढली, हलवली. शेडमध्ये हवा इतकी दमट होती की भिंतीला हात लावला तर ओला व्हायचा. पट्टीवर दाट पांढरा थर आला. मी वाचलं, एकशे दहा मिलिमीटर. म्हणजे अकरा लिटर. जुना कंटेनर दिवसाला अर्धा लिटर खायचा. बावीस दिवस.

"बावीस दिवस चालेल," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं."

तीसच्या तीस लिटर त्यांनी आलापल्लीला आणि त्याच्या पुढच्या दवाखान्यांना पाठवून दिला, कारण तिथले कंटेनर जास्त रिकामे होते. राखीवच्या झाकणावर खडूनं फुली मारली. टंचाईत त्यांचा नियम असायचा, उघडायचं नाही. उघडलं की उडतं.

चौदाव्या दिवशी सील आली. भाऊ यंत्र जोडत होते. जाता जाता त्यांचा तळवा राखीवच्या झाकणावर पडला आणि तिथंच राहिला. मला म्हणाले, "बाबू, हे तं निवलं नाई."

झाकण काढलं. तोंडातून जो पांढरा धूर उतरतो तो उतरला नाही. त्यांनी काळी काडी घातली, मोजलं, काढली, हलवली. काडी काळीच राहिली. पुन्हा घातली. पुन्हा काळीच. कांड्यांची डबी वर ओढली आणि एक कांडी दोन बोटांत धरली. नुसत्या बोटांत. ती धरता यायला नको होती.

मी वही आणायला गेलो. काय करावं ते कळत नसलं की मी वही आणतो. गणितात चूक नव्हती. मी तिथंच उभा राहून पुन्हा केलं, पुन्हा बावीस आलं.

भाऊंनी माझ्याकडून पट्टी मागून घेतली. संध्याकाळी यंत्र सुरू झाल्यावर निघालेला पहिला नायट्रोजन एका लहान भांड्यात चार बोटं घेतला, त्यात पट्टी आणि काडी शेजारी शेजारी उभ्या केल्या. काढल्या. काडीवर चार खाचा पांढऱ्या. पट्टीवर दहिवर चढत चढत पार वर गेलं, आम्ही पाहत असताना. स्टीलमधून गारठा वर सरकत होता आणि दमट हवा त्यावर बसत होती. उन्हाळ्यात हवा कोरडी, कंटेनर भरलेले, म्हणून फरक कधी नडला नव्हता. मी अकरा लिटर वाचलं तेव्हा आत चार होते. आठव्या दिवशी संपले.

 मग जे बोललो ते मी बोललो, भाऊ नाहीत. ते इथं लिहितो कारण लिहायला हवं.

"भाऊ, भरून टाकू. आता नायट्रोजन आहे. कांड्या दिसायला त्याच आहेत. गाय फळली नाही तर नाही फळली, दहातल्या सहा तशाही फळत नाहीत. कोणाला काय समजतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डबी परत आत सोडली, रिकाम्या कंटेनरमध्ये, हळू, जणू आत काही आहे. म्हणाले, "वही आण."

"आणली आहे."

"आजचा आकडा लिही."

मी लिहिलं, शून्य.

"मांगचा खोडू नोको. त्याच्या बाजूले लिही, कायनं वाचला ते."

मी लिहिलं, "स्टीलची पट्टी. दहिवर चढलेलं. चूक." खाली सही केली. त्यांनी माझ्या सहीखाली स्वतःची सही केली. मी म्हणालो, तुमची कशाला? म्हणाले, "मले ठाऊक होतं लोखंड चढते. मी वाच म्हणलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही निघालो. मला वाटलं होतं पत्र जाईल, नाहीतर आलापल्लीच्या डॉक्टरांकरवी निरोप. भाऊ म्हणाले, "तवा मी तोंडानं सांगतलं होतं, धवऱ्या माह्यापाशी हाय म्हणून." आष्टीच्या पुलावरून वैनगंगा दिसली, लाल, काठोकाठ. भाऊ खिडकीशी बसले होते, मांडीवर दोन्ही हात उपडे. पुढं सागवान सुरू झाला. एकदाच बोलले, "मशीन सुधरते, बाबू. सील आली का सुधरते."

आलापल्लीहून एका ट्रॅक्टरवर बसून गावी पोचलो. बाई अंगणात जाळं विणत बसली होती. भाऊंना पाहून उठली.

"अगा बाई, भाऊ! ह्या पाण्यात काऊन आले? पूर पाहाले?"

"बसा, बाई. सांगाचं हाय काई."

ती बसली नाही. तिनं चुलीवर चहा ठेवला, साखर जास्त, दूध कमी. आम्ही ओट्यावर बसलो. चहा आला. भाऊंनी तो उकळता उकळता घोट घोट प्यायला सुरुवात केली. मी वाट पाहत होतो ते कधी बोलतात. कप अर्धा झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि तिला म्हणाले, "हा आमचा बाबू. आकडा याचा होता. हा सांगन."

मी सांगितलं. पट्टी, काडी, दहिवर, बावीस दिवस, आठ दिवस. मी सगळे आकडे सांगितले आणि सांगता सांगता मला कळत होतं की मी आकड्यांच्या आड उभा आहे. म्हणून शेवटी म्हणालो, "बाई, धवऱ्याच्या त्रेचाळीस कांड्या माझ्यामुळे गेल्या. भाऊंनी मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

तिनं जाळ्याची सुई खाली ठेवली. बोडीच्या काठाला मोहाचं झाड होतं, त्याच्याखाली दगड रचलेले होते. तिथं तिनं पाहिलं.

"म्हणजे दोनदा मेला म्हणा."

भाऊंनी कप खाली ठेवला.

ती मला म्हणाली, "तुमी न सांगतलं असतं तं मले समजलं असतं काय?"

"नाही."

"कोणाले समजलं असतं?"

"कोणालाच नाही."

"मंग आले काऊन एवढ्या दूर?"

 खरं उत्तर हे होतं की मी आलो नव्हतो, मला आणलं होतं. तेही मी सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. भाऊंकडे वळली.

"भाऊ, हा बाबू खरा हाय पण फिक्का हाय. याले भात घालू."

जेवताना उरलेलं भाऊंनी सांगितलं. आलापल्लीच्या सहापैकी चार कांड्या इतर गावांत वापरल्या गेल्या होत्या, तिथं वासरं मिसळली, पुढं विकली गेली, पत्ता नाही. दोन शिल्लक होत्या. मधल्या दिवसांत गेलेल्या नायट्रोजनमुळेच त्या जिवंत होत्या. "दोन हायत, बाई. जास्त नाई."

"तं दोन आणा. बाकीचे कायले मोजता?"

तिच्याकडे धवऱ्याच्याच जातीची एक गाय होती. आश्विनात ती माजावर आली तेव्हा भाऊ रजा काढून गेले. डॉक्टरांच्या मागं लहान कंटेनर मांडीवर घेऊन मोटारसायकलवर बसले, काळी काडी सदऱ्याच्या पाठीत खोवलेली. पहिली कांडी वाया गेली. एकवीस दिवसांनी गाय पुन्हा माजावर आली. भाऊ पुन्हा गेले. दुसरी दिली. परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, "वजनकाटा कुठी भेटते, धान मोजाचा, टांगता?" तेव्हापासून आम्ही कंटेनर टांगून वजन करू लागलो. एक लिटर नायट्रोजन म्हणजे आठशे ग्रॅम. वजनावर दहिवर चढत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ निवृत्त झाले आणि मूलला राहायला गेले. जाताना निरोपाचा कार्यक्रम त्यांनी करू दिला नाही. माझ्या टेबलावर काळी काडी ठेवून गेले. पट्टी मी तोवर फेकलेली नव्हती. अजूनही नाही फेकली.

श्रावणात प्लान्टवर फोन आला. बाईनं गावातल्या कोणाच्या तरी मोबाइलवरून लावला होता. "तुमचे भाऊ कुठी हाय? बरं, तुमी या."

मी गेलो. गोठ्यात पांढरं वासरू उभं होतं, चार दिवसांचं, पाय फाकवून, ओलसर नाकाचं. गोऱ्हा. मी फार वेळ पाहत राहिलो. आणि माझ्या डोक्यात जे येणार होतं तेच आलं. त्या गावातली गुरं जंगलात चरतात. जंगलात दहा गावांचे बैल फिरतात. गाभण राहिली ती त्या कांडीनंच, याची नोंद कुठं आहे?

"बाई," मी म्हणालो, "हा धवऱ्याचाच कशावरून?"

"एकवीस दिवस दावणीले बांधून ठेवलती तिले. खुरप्यानं गवत आणून आणून माह्या कंबरेचा काटा ढिला झाला." मग थोडं थांबून म्हणाली, "तवा तुमी येऊन सांगतलं, त्रेचाळीस गेल्या. मी मोजून पाह्यल्या काय?"

मी वही पिशवीतच ठेवली.

परतताना आलापल्लीच्या स्टँडवर रेंज आली. भाऊंना फोन लावला. आवाज खोल गेला होता, छातीत कफ होता.

"गोऱ्हा झाला, भाऊ. पांढरा."

भाऊ खोकले, मग विचारलं,

"अंगाले हात लावला काय त्याच्या?"

"लावला."

"गरम होता?"

"गरम होता, भाऊ."

"किती?"

माझ्या पिशवीत थर्मामीटर होता. गुरांचा. मोजायला लागतं ते सगळं मी बरोबर ठेवतो, तो तेव्हाही होता. गोठ्यात मी तो काढलासुद्धा नव्हता, हे मला स्टँडवर उभा राहून पहिल्यांदा लक्षात आलं.

"आकडा नाही घेतला," मी म्हणालो.

"मंग बरोबर वाचलं," भाऊ म्हणाले.